तीस जणांनी पाहिलं

— म्हणजे रोज? रोज सकाळी? नाही, ऐकलं मी, कान शाबूत आहेत अजून. तू म्हणालीस, तुझी आई काओंचा, तुझ्या वडिलांचा, फोन उघडून रोज सकाळी माझं चित्र बघते. ऐकलं ते. तू बस आधी. त्या पोत्यावर नको, त्यात सोडे आहेत, तैपेईपर्यंत अंगावर वास नेशील, गाडीत शेजारचा माणूस उठून जाईल. हां, त्या खुर्चीवर. काओंची पोरगी माझ्या दुकानात उभी राहिली तर रस्त्यावरचे म्हणतील, ल्याओ म्हातारा झाला, शेजार विसरला. मशरूम किती म्हणालीस — दोन पिशव्या? जाड टोपीचे देतो. आईला पातळ चालत नाहीत, मला ठाऊक आहे, चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आम्ही. तुझे वडील त्या बाजूला बांबूच्या टोपल्या विणायचे, मी ह्या बाजूला माकूळ मासे वाळत टाकायचो, आणि तुझी आई दोघांवर ओरडायची — त्यांच्या बांबूच्या सालींवर आणि माझ्या मालावर घोंघावणाऱ्या माश्यांवर. आता नेतेस तिला तैपेईला. बरोबर आहे. एकटीने किती दिवस राहायचं. आणि महिनाअखेर काओंचा नंबर बंद करणार, म्हणून चित्रं तुझ्या फोनवर पाठवत जा म्हणतेस. हो, हो. पाठवू की. त्यात काय आहे.

बघ हा मशरूम. टोपीवर भेगा बघ कशा पडल्यात, फुलासारख्या. अशा भेगा थंडीत हळूहळू वाढलेल्यालाच पडतात. घाईने वाढवलेला गुळगुळीत असतो, पाण्यात टाकला की फुगतो आणि चवीला कागद. हे मला कुणी शिकवलं नाही. मी सहावीपर्यंत शिकलो, पुढचं सगळं गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन. चित्रांचंही तसंच. तुला वाटलं असेल कुठे क्लास लावला — छे. मालाच्या भावाच्या पाट्या लिहायचो ना ब्रशने, ‘उत्तम माकूळ’, ‘नवीन लाल बोरं’, तर पाटी लिहून झाली की ब्रशात शाई उरायची. उरलेली शाई धुऊन टाकायची जिवावर यायचं. म्हणून एक दिवस समोर पडलेला मशरूम काढला. वय एकसष्ट. फोटो काढला आणि टाकला रस्त्याच्या ग्रुपवर, वर लिहिलं, ‘सुप्रभात.’ बाकीचे सगळे टाकतातच की रोज. कमळाचं फूल, उगवता सूर्य, कपात चहा आणि खाली चमचमणारी अक्षरं, ‘आज तुमचं मन शांत राहो’. न्हावीण आ-मान आहे ना, ती रोज सहा वाजता कमळ टाकते, कुठून आणते देव जाणे, आणि त्या कमळाला चौदा अंगठे येतात. एकदा तर तिने दोन दिवस लागोपाठ तेच कमळ टाकलं, दुसऱ्या दिवशी सोळा आले.

मला? मला किती आले विचार. विचारू नको, सांगतो. सहा वर्षांत एक. म्हणजे अंगठा नाही, उत्तर आलं एक. पहिल्याच वर्षी. शेवयांच्या सूपवाला त्साय, कोपऱ्यावरचा — त्याने माझ्या मशरूमच्या चित्राखाली लिहिलं, ‘जिनला काय भाव?’ मी आपला बघत बसलो. मग भाव लिहिला. त्याने दोन जिन तोलून मागवले. त्याला वाटलं ही जाहिरात आहे. अजूनही अर्ध्या रस्त्याला तसंच वाटतं, मला माहीत आहे. ल्याओ हुशार आहे, रोज मालाचं चित्र टाकतो.

घे, चहा घे. कडू आहे, त्याच पानांवर दुसऱ्यांदा पाणी ओतलं की बरा लागेल.

तर त्साय. त्याचीच गोष्ट सांगतो, हसशील. हा त्साय अकरा वर्षं माझ्याकडून सोडे नेत होता. दर सोमवारी यायचा, पिशवी उचलायचा, जायचा. अकरा वर्षांत ‘चांगले आहेत’ हा शब्द त्या माणसाच्या तोंडातून निघाला नाही. माझी बायको होती तेव्हा, ती म्हणायची, त्याला विचारा तरी एकदा, आवडतात का. मी म्हणायचो, अगं, येतोय ना परत? मग एक वर्ष पेंगहू बेटांवरची सोड्यांची बोट आलीच नाही, मी दुसरीकडचे सोडे दिले, दिसायला तस्सेच. मंगळवारी सकाळी सहा वाजता हा शटरवर थापा मारतोय. गल्लीभर आवाज. हे काय दिलंस, सूप गढूळ झालं, गिऱ्हाईक वाटी तशीच ठेवून गेलं. मी ऐकून घेतलं, माल बदलून दिला, आणि आत येऊन बायकोला म्हटलं, बघ, अकरा वर्षं तो दर सोमवारी म्हणत होता की माल चांगला आहे, तुला ऐकू आलं नाही. धंद्यात असंच असतं पोरी. ज्याला आवडलं तो खातो आणि गप्प बसतो. आवाज तक्रारीला असतो.

हे मी मनाशी पक्कं धरलं. चित्रांनाही तेच लावलं. गप्प आहेत म्हणजे चाललंय. वाईट असतं तर बोलले असते. आता ह्यात खोट आहे हे मला तेव्हाही कळत होतं, नाही असं नाही — पण सहा वर्षं रोज सकाळी काहीतरी काढून तीस लोकांपुढे ठेवायचं आणि हूं की चूं नाही, तर माणसाने काय धरून बसायचं? काहीतरी लागतं. पहिलं वर्षभर मी दर दहा मिनिटांनी फोन बघायचो. वजन करता करता बघायचो. एका बाईला कमळाच्या बियांऐवजी पांढऱ्या घेवड्याच्या दिल्या. दुसऱ्या वर्षी राग आला. मग गंमत केली — एक दिवस माकूळ उलटा टाकला, शेपूट वर. कुणी काही बोललं नाही. एकच लाल बोराचं चित्र तीन दिवस टाकलं, तेच, तसंच. कुणी नाही. चौथ्या दिवशी नुसता कोरा कागद टाकला, ‘सुप्रभात’. आ-मानने त्यानंतर पाच मिनिटांत तिचं कमळ टाकलं. मग तिसऱ्या वर्षापासून काही वाटेनासं झालं. खरंच सांगतो. सकाळी उठायचं, तोंड धुवायचं, चित्र काढायचं, टाकायचं, शटर वर करायचं. दात घासले म्हणून कुणी शाबासकी देतं का? तसं.

फक्त दुपारी एकदा आकडा बघायचा.

तुला माहीत असेल, चित्राच्या बाजूला बारीक अक्षरांत येतं — ‘वाचलं’, आणि पुढे किती जणांनी ते. कुणी ते नाही येत, नुसते किती. आपल्या ग्रुपमध्ये बत्तीस नावं. माझ्या चित्रावर मला मोजत नाही तो फोन, म्हणून राहिले एकतीस. तुझे वडील गेले, तीन वर्षं होतील आता. त्यांचं नाव कुणी काढलं नाही, आणि काढणार कोण — मेलेल्या माणसाला ग्रुपमधून बाहेर घालवायचं म्हणजे बरं दिसत नाही. नाव राहिलं. पण डोळे गेले. म्हणून तीस. दुपारी बाराच्या सुमाराला माझ्या चित्राशेजारी तीस आकडा आला की मी फोन खिशात टाकतो आणि जेवायला बसतो. तीस म्हणजे सगळे. एकही सुटला नाही.

तुझ्या मशरूमचं वजन राहिलंच की. थांब.

तर आता तू म्हणतेस, काओंचे डोळे गेले नव्हते. म्हणजे त्यांच्या फोनचे. आई बघत होती. कधीपासून म्हणालीस? ते गेल्यावर सातव्या दिवसापासून. सातव्याचे विधी झाले, सगळे घरी गेले, आणि त्यांचा फोन वाजला म्हणून तिने उचलला तर माझा वाळलेला कमळकंद. मग रोज. तिला अक्षर येत नाही, उत्तर कुठून लिहिणार, आणि कुणाच्या नावाने लिहिणार — नवऱ्याच्या? बरोबर आहे. गल्लीत दहा वेळा भेटली मला, कधी बोलली नाही. काय बोलणार. मेलेल्या नवऱ्याच्या फोनवर बघते म्हणून? बाईमाणूस.

काय म्हणते ती? रंगीत हवीत? काळी नकोत? बरं. बरं. सांग तिला, रंगाचं बघतो.

नाही गं, काही झालं नाही मला. हात थांबला फक्त. वजन बघत होतो. तू सांगितलंस तेव्हाच कळलं होतं मला, शाळा नसली तरी एवढी बेरीज येते. आई धरली तर सगळे मिळून एकतीस व्हायला हवेत. आणि आकडा तीसच आहे. तीन वर्षं. म्हणजे कुणीतरी एक जण बघत नाहीये. आता रस्त्यावरचा कोण? मी बसल्या बसल्या एकेकाला आठवून पाहिलं, तू चहा फुंकत होतीस तेव्हा. त्साय? सूप ढवळताना एका हातात फोन असतो त्याच्या, एकदा भांड्यात पडलाही होता. आ-मान? ती स्वतःच्या कमळाचे अंगठे मोजायला दहा वेळा उघडते, वाटेत माझं लागतंच. देवळातले म्हातारे वेन? मोतीबिंदू आहे, पण नातीकडून वाचून घेतात, ‘आज ल्याओंनी काय टाकलं’ असं विचारतात म्हणे, काही दिसत नाही तरी. एकेक करून सगळे झाले. रस्त्यावरचे सगळे झाले. आणि रस्त्यावर नसलेला एकच आहे त्या ग्रुपमध्ये.

आमचा आ-त्सुंग. तुझ्या मागे दोन इयत्ता होता ना? की तीन. शिंचूला आहे, कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात. ग्रुप त्यानेच बनवला होता. आम्हा म्हाताऱ्यांना कुणाला येत नव्हतं, त्याने एकेका दुकानात जाऊन प्रत्येकाच्या फोनमध्ये घातला, वेनबाबांना तर अक्षरं मोठी करून दिली. सगळ्यांत पहिलं नाव त्याचं आहे. अजून आहे. तो गेला, पण ग्रुपमधून गेला नाही. म्हणून तर मी —

भांडण? भांडण कसलं. आमच्यात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, आवाज तरी झाला असता. नववर्षाच्या जेवणाला येतो. एक रात्र राहतो. जेवतो, फोन टेबलावर पालथा घालतो, ‘बाबा, गुडघा कसा आहे,’ मी म्हणतो, ‘आहे तसा.’ सकाळी जातो. तुला काही दिसणार नाही त्यात.

काढायचा तो. चित्रं. लहानपणापासून. माझ्या पाटीच्या मागच्या बाजूला काढायचा, मी मार दिलाय त्यावरून, पाटी वाया जायची. मग फोनवर काढायला लागला, बोटाने, त्या काचेवर. मला त्यातलं काही कळत नव्हतं. आणि मग एक दिवस — सहा वर्षं झाली, उन्हाळ्याचे दिवस — त्याने आपल्या गल्लीचं एक चित्र ग्रुपवर टाकलं. सकाळी सात वाजता. काही लिहिलं नाही, नुसतं चित्र. आठ वाजले, नऊ वाजले. सगळ्यांनी बघितलं, आकडा चढत होता. कुणी बोलेना. आता का बोलेना हे तुला सांगायला नको, तू इथलीच आहेस. बाप बोलल्याशिवाय शेजारी कसे बोलतील? आपल्याकडे कसं आहे — पोराने काही केलं तर आधी बापाने म्हणायचं, छे, कसलं काय, बेकार आहे, तुम्हाला उगाच त्रास. मग शेजाऱ्यांनी म्हणायचं, अहो असं कसं, फारच सुंदर. मग बापाने पुन्हा, छे छे. मग शेजारी, अहो तुम्ही नशीबवान. असे तीन फेरे झाले की सगळ्यांचं मन भरतं, पोरगं कोपऱ्यात उभं राहून ऐकत असतं, लाल होतं. माझ्या बापाने माझ्याबद्दल असंच केलं. तुझ्या बापाने तुझ्याबद्दल केलं, तू बँकेत लागलीस तेव्हा — ‘आमची मठ्ठ आहे, तिला कुणी घेतलं कसं’ म्हणाले होते, इथेच, ह्याच दुकानात. मी म्हटलं, अहो असं कसं. आणि तू पडद्यामागे होतीस. होतीस ना? मला पाय दिसत होते तुझे.

तर सगळे माझी वाट बघत होते. मी हात पुसले, चष्मा लावला, आणि लिहिलं. काय लिहिलं? ‘पोराला कामधंदा नाही. सगळ्यांच्या डोळ्यांना त्रास दिला, माफ करा.’ झालं. माझा फेरा मी टाकला. आता पुढचा त्यांचा. त्सायने लिहायला घेतलंही असेल, आ-माननेही घेतलं असेल. आणि तेवढ्यात तुझ्या वडिलांनी लिहिलं, दुपारी दोनपासून पाणी जाणार आहे, सगळ्यांनी भरून ठेवा. मग काय. कुठल्या बाजूला जाणार, किती वाजेपर्यंत जाणार, बादल्या कुणाकडे जास्तीच्या आहेत. साठ-सत्तर ओळी. चित्र वर सरकत सरकत गेलं, दिसेनासं झालं. त्याच्यावर शेवटचा शब्द माझा राहिला.

नाही, तुझ्या वडिलांचा काय दोष. पाणी खरंच गेलं.

मला त्या दिवशी काही वाटलं नाही. बादल्या भरल्या. मग संध्याकाळी वाटलं, समोरासमोर असतो तर पुढचं झालं असतं. मग वाटलं, पोराला कळतं की, इथे वाढलाय. दीड महिन्याने तो शिंचूला गेला. जाताना त्याने विचारलं, ‘बाबा, भावाच्या पाट्या कोण लिहून देईल आता?’ कारण शेवटी शेवटी तोच लिहायचा. मी म्हटलं, ‘मी लिहीन, मला काय हात नाहीत?’ मग मी ब्रश घेतला. आणि उरलेली शाई — ते सांगितलं तुला.

म्हणजे आता तुला वाटेल, मी त्याच्यासाठी काढायचो. असं काही नव्हतं. शाई उरायची. पण आकडा बघायचो खरा. पोरगं तिकडे रात्रपाळी करून सकाळी खोलीवर जात असणार, फोन उघडत असणार, आणि बापाचा मशरूम दिसत असणार. बोललं नाही तरी चालेल, गिऱ्हाईक येतंय ना परत. असं मी धरून चाललो.

एकदा बोलला. मघाशी मी सांगितलं, एकच उत्तर आलं — ते ग्रुपवरचं. हे फोनवरचं, ते मी धरत नाही. तुझे वडील गेले त्या आठवड्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारातलं ते बुटकं स्टूल काढलं, ज्याच्यावर बसून ते विणायचे, आणि खाली पडलेल्या साली. माणूस नाही काढला. टाकलं ग्रुपवर. सगळ्यांनी हात जोडलेले टाकले, ते मला नव्हते, ते काओंना होते, ते वेगळं. आणि दुपारी फोन. आ-त्सुंग. एरवी त्याचा फोन नववर्षाआधी येतो. म्हणाला, ‘बाबा, काओकाकांचं स्टूल पाहिलं.’ मी म्हटलं, ‘हं.’ म्हणाला, ‘फार चांगलं आलंय. साली तर — साली मला जमल्या नसत्या.’

आणि मी काय बोललो? तूच सांग, मी काय बोललो असेन. मी म्हटलं, ‘कसलं चांगलं. हात थरथरतो. वेळ जात नाही म्हणून कागद खराब करतो.’ आणि थांबलो. त्याने म्हणायचं होतं, नाही बाबा, असं कसं. तो पण थांबला. दोघं थांबलो. मागे त्याच्या कारखान्याची घंटा वाजली. तो म्हणाला, ‘बरं.’ मी म्हटलं, ‘झोप जा, पाळी असेल.’ ठेवला फोन.

त्यानंतर काही दिवसांनी सातवा झाला. तुझी आई फोन उघडायला लागली. आणि त्याच दिवसांत कधीतरी ह्याने बंद केलं. एक आत आलं, एक बाहेर गेलं, आणि आकडा जागचा हलला नाही. तीस होता, तीस राहिला. मी रोज दुपारी बघायचो आणि जेवायचो. तीन वर्षं. तुझ्या आईने बघितलेलं मी त्याच्या नावावर घालत होतो. तिला सांगू नको हे. तिने माझी चित्रं बघितली हे चांगलंच केलं. सहा वर्षांत कुणीतरी रंगीत हवीत म्हणालं. मला आनंद व्हायला हवा. होईल, उद्या-परवा.

काय? त्याला विचारू? तुझ्याकडे नंबर आहे? ठेव तो फोन खाली. नको. काय विचारणार — माझ्या बापाचे मशरूम का बघत नाहीस म्हणून? नको सांगितलं ना.

एक कर. काओंचा फोन आणलायस ना, नाव काढून घ्यायला. तो इथेच ठेवून जा माझ्याकडे. नंबर चालू ठेवू, त्याचं मी बघतो. गल्ल्याशेजारी चार्जिंगला लावून ठेवीन, सकाळी चित्र टाकलं की इकडे त्यांच्यावर उघडीन, म्हणजे दुपारी आकडा — हं. म्हणजे मीच. मीच टाकणार आणि मीच उघडणार. नाही, नाही, तू बरोबर बघते आहेस माझ्याकडे. घेऊन जा तो. काढ नाव. आत्ताच काढ, इथेच, माझ्यासमोर. दाब. निघालं? ‘काओ ग्रुपमधून बाहेर पडले.’ असं लिहून येतं होय. आता रस्ताभर सगळे बघतील आणि घाबरतील. त्साय येईल पळत. येऊ दे.

बघ, नावं एकतीस झाली. मी सोडून तीस. उद्या दुपारी जे यायचं ते येईल. तीस आलं तर — नाही येणार. एकोणतीस येईल. आकड्याला काय, तो खरा आला की झालं. वजनकाट्याचं असतं तसं. चित्र काढीनच. सकाळी दुसरं करायचं काय? तुझ्या आईला वेगळं पाठवीन, रंगात. लाल बोरं काढीन, ती रंगात बरी दिसतील.

आ-त्सुंगचं ते चित्र होतं ना, गल्लीचं. तू नव्हतीस ग्रुपमध्ये, तू बघितलं नसशील. दुपारचं ऊन होतं त्यात. आपलं ताडपत्रीचं छप्पर, त्याला मध्ये ठिगळ आहे बघ, निळं — तर ऊन त्या ठिगळातून खाली येताना निळं झालेलं दाखवलं होतं. जमिनीवर निळा डाग. मी चाळीस वर्षं त्या डागावरून चालतोय, मला कधी दिसला नव्हता. आणि मी होतो त्यात, पाठमोरा. स्टुलावर चढून माकूळ टांगतोय, आणि डाव्या चपलेतून टाच बाहेर आलीये. अशी, अर्धी. मी चढतो तेव्हा टाच बाहेर राहते हे मला माहीतच नव्हतं. मग मी आरशात बघितलं, बायकोच्या कपाटाच्या — राहते. खरंच राहते. पोरगं खाली बसून किती वेळ माझी टाच बघत असेल. आणि ती काढायला काय केलंय, एक रेघ. एकच, अशी वळवून सोडलेली. मी सहा वर्षं त्या रेघेच्या मागे आहे, माझ्या हाताला येत नाही ती. फार मोठं काम होतं ते. फार मोठं —

हे तुला सांगून काय उपयोग.

ऊठ तू. पावणेबाराची गाडी आहे ना, आईला जिने उतरायला वेळ लागतो. पैसे ठेव आत, बोलू नको. पिशवी खालून धर. आणि जाताना ते शटर अर्धं खाली ओढ, आज दुपारचं गिऱ्हाईक नको मला.